झेंडी

चार्ल्सटनच्या बाजाराजवळ, लाकडी चौकीत
एक माणूस पिंजरा फिरवून चेंडू काढतो, तंबोल्यासारखा.
हिरवा आला तर बंदराकडचा रस्ता,
पिवळा आला तर बड्या घरांचा.
कुठलं शहर दाखवायचं ते मी ठरवत नाही.
डॉर्कस तर नाहीच.

डॉर्कस माझी खेचर. वय एकोणीस,
स्वभाव निवृत्त हेडमास्तरणीचा,
डोक्यावर गवती हॅट, कानांसाठी दोन भोकं.
मागे चौदा माणसं. पहिल्या बाकावर ओहायोचं जोडपं,
लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आलेलं.
"इथली हवा अशीच असते का?"
अशीच. ऑगस्टात ती अंगाला लागत नाही,
मांडीवर येऊन बसते.

मग मी सुरू होते.
डावीकडे बघा, ही घरं रस्त्याला खांदा देऊन उभी आहेत,
लांब ओसरी मात्र बाजूच्या बागेकडे.
भिंतीतले हे लोखंडी बिल्ले भूकंपानंतरचे,
घराला घातलेले टाके.
हसतात. हे वाक्य माझं, कंपनीच्या कागदात नाही.
रंगीत घरांपाशी सगळे फोन एकदम वर जातात.
अननसाच्या कारंज्यात पोरांना भिजू देतात, हो.
कोळंबी आणि मक्याची लापशी कुठे खावी
ते उतरताना सांगेन.
तिथे माझा भाचा भांडी घासतो, ते नाही सांगत.

बाजारात माझी आत्या एव्हलीना
गवताच्या टोपल्या विणत बसते.
लोक किंमत विचारतात, दचकतात: गवताचे एवढे?
आत्या मान वर करत नाही.
गवताचे काहीच नाहीत, बाई. बोटांचे आहेत.

एका गल्लीत गाडी भिंतीला इतकी लगटून जाते
की हात बाहेर काढला तर वीट लागते.
तिथे एका विटेत तीन खळगे आहेत.
कागदात लिहिलंय, "कारागिरांच्या बोटांचे ठसे".
मी म्हणते, गुलामांच्या लेकरांचे.
ओल्या विटा उलटवून वाळवायचं काम त्यांच्याकडे.
एवढंच म्हणते आणि लगाम जरा ओढून धरते.

शेवटच्या बाकावरून एक पोरगी वाकली,
सात-आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले.
खळग्यांत बोटं घातली. बसली,
मापानं शिवल्यासारखी.
तिची आई फोन हातात धरून तशीच राहिली,
फोटो काढावा की नाही.
"ओल्या विटेत बोटं खुपसली म्हणून
त्यांना ओरडा बसला का?"

अकरा वर्षं गाडी हाकतेय.
भुतं विचारलीत, चाचे विचारलेत,
या घराची किंमत किती, संडास कुठे, हे तर रोज.
हे कुणी विचारलं नव्हतं.
माहीत नाही गं, म्हटलं. बसलाच असेल.
ती पुढच्या विटा बघत होती.
"मग त्यांनी परत केलंय. ही बघ. इथे पण."

तेवढ्यात डॉर्कसनं पाय फाकवले
आणि सावकाश, मन लावून, मुतली.
अख्खी गाडी हसली. सगळ्यांचीच सुटका झाली.

नियम असा: त्या जागी मी झेंडी टाकायची,
छोटीशी, बुडाला वजन लावलेली,
आणि रेडिओवर गल्लीचं नाव सांगायचं.
पाण्याची गाडी येते, औषध मारते, धुऊन जाते.
थोड्या वेळात तिथे काही घडलेलंच नसतं.

पिशवीत झेंड्या असतात सहा.
पुढे तो धक्का, जिथे जहाजं लागायची.
मग ती गल्ली, जिथे माणसांची बोली लागायची.
मग ते कोपऱ्यावरचं घर, गुलाबी, फार सुंदर,
ज्याच्या मागच्या दारानं माझी पणजी
तीस वर्षं आत गेली.
सहा कुठे पुरतात.

तबेल्यात परतलं की डॉर्कसचा ताप मोजतात,
कायदाच आहे. जास्त भरला तर तिला सुट्टी.
माझ्या कपाळाला मीच हात लावून बघते.
नळाखाली डोकं धरते, बक्षिशी मोजते:
ओहायोवाल्यांचे वीस, पोरीचं एक नाणं,
मुठीत धरून ओलं झालेलं.

संध्याकाळी हिशेबवाला म्हणाला,
मुतली एकदा, झेंड्या दोन कमी कशा?
वाऱ्यानं गेली असेल, म्हटलं.
त्यानं खिडकीबाहेर बघितलं.
ओकच्या फांद्यांवर लोंबणारं शेवाळ
सकाळपासून हललं नव्हतं.